तिसऱ्या रिळातला कुत्रा

विहीणबाई, तुमच्या माघारी मी पहिली गोष्ट केली ती खोटं बोलण्याची.

अंत्यसंस्कार आटोपून आपण घरी निघालो होतो. आपण म्हणजे तुम्ही सोडून. तुमचा अभिजित गाडी चालवत होता, माझी मुक्ता त्याच्या शेजारी, आणि मागे मी आणि ईरा. तिने विचारलं, "मुंबई-आजी, व्हेअर इज पुणे-आजी नाऊ?" पुढची दोघं वायपरकडे बघत राहिली. मग मी नेहमीसारखी पुढे सरसावले. म्हटलं, "त्या ना, एका फार छान जागी गेल्यात. तिथे गुडघे दुखत नाहीत. आणि तिथून त्या तुला रोज बघतात."

तुम्ही फिल्मचा तुकडा उजेडाकडे धरून बघायचात ना, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यू आर मेकिंग दॅट अप. लाइक यू डू विथ मोत्या."

त्या दिवशी नातीचा माझ्यावरचा विश्वास उडाला. भांडण वगैरे काही नाही. फार सभ्यपणे वागायची. मी काही सांगितलं की मान हलवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन मुक्ताला विचारायची, "इज दॅट ट्रू?" एकदा मी भेंडी आहे म्हणून सांगितलं, तर कढईवरचं झाकण उचलून खात्री करून आली. तुम्ही असतात तर गालातल्या गालात हसला असतात. मला रडू आलं, आणि भेंडी करपली.

म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमची जन्मतारीख, शिक्षण, नोकरी हे सगळं अभिजितने मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलंय, नीट लिहिलंय. मला सांगायचंय ते त्यात येणारं नव्हतं.

मुलीच्या लग्नात मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. तुमच्याकडच्या कोण्या मावशींनी निरोप धाडला होता की वरमाईचे पाय धुण्याची पद्धत आहे, तेवढं बघा. झालं. मी आठ दिवस आरशासमोर उभी राहून भाषण पाठ केलं. आजच्या काळात, समान नातं, वगैरे वगैरे. त्यात दोन ठिकाणी थांबायच्या जागासुद्धा ठरवल्या होत्या. तुम्ही सुती साडीत आलात, खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "पाय मी घरून धुऊन आले आहे. चहा मिळेल का?" माझं भाषण तोंडातच राहिलं. त्याचा राग मी पुढची सहा वर्षं पोसला. नंतर कळलं, मावशींचा निरोप तुमच्याही कानावर गेला होता आणि तुम्ही माझी सुटका करायला तसं म्हणाला होतात. सुटका हवी कोणाला होती? मला टाळ्या हव्या होत्या.

माझे यजमान गेल्यावर मुक्ताने मला इकडे वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलला आणलं. तुम्ही आधीपासून होतातच. दादरला माझ्या बहिणींनी पैज लावली, एका घरात दोन विहिणी, सहा महिने टिकायच्या नाहीत. आपण सात वर्षं टिकलो. तुम्ही खालच्या खोलीत, मी वरच्या. शेवटपर्यंत एकमेकींना अहो-जाहो. भांडायला त्याचा फार उपयोग झाला. "तुम्ही गप्प बसा" असं म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो.

तुम्ही पुण्यात पस्तीस वर्षं जुन्या फिल्म तपासायची नोकरी केली होती. पांढरे सुती हातमोजे घालून रीळ हाताने फिरवायचं, कडेची भोकं फाटली आहेत का ते अंगठ्याने चाचपायचं, जोड सुटला असेल तर पुन्हा लावायचा. त्यामुळे शेजारच्या पोरिरुआ गावच्या म्हाताऱ्या बॅरीचा फिल्म क्लब बंद पडला आणि त्याने प्रोजेक्टर आणि डबे कोणाला हवेत का विचारलं, तेव्हा अभिजितला तुमचीच आठवण झाली. बॅरी सगळं व्हॅनमधून घेऊन आला. "किया ओरा" असा इथला नमस्कार त्याने केला, तुम्ही आपला केलात आणि पहिल्याच डब्याचं झाकण उघडून आत नाक घातलंत. बॅरीला वाटलं ही बाई भारतीय पद्धतीने आशीर्वाद देतेय. तुम्ही वास घेत होतात. फिल्म आतून कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डब्यांत बहुतेक सगळे मूकपट होते, आणि निम्म्याहून जास्त कुत्र्यांचे. बॅरी म्हणाला, एके काळी लोक नायिकेपेक्षा कुत्र्याला बघायला यायचे. तुम्ही मला कारण सांगितलंत ते अजून आठवतं. "मूकपटात सगळेच मुके. नायकाला बोलता येत नाही, कुत्र्यालाही येत नाही. सामना बरोबरीचा. बोलपट आले आणि कुत्रा पुन्हा कुत्रा झाला."

मी लगेच म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखंच. आपण दोघी इथे मूकपटच." इंग्रजीचा तुमचा माझा आनंदच होता. तुम्ही निदान गप्प बसायचात. मी दुकानात जाऊन पूर्ण वाक्यं बोलायची आणि दुकानदार मला भलतीच वस्तू द्यायचा.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी टेकडीखालच्या हॉलमध्ये मुलांना फिल्म दाखवायची ही कल्पना तुमची. पडद्यासमोर उभं राहून मराठीत गोष्ट सांगायची ही माझी. आपली इथली मुलं मराठी समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. चित्र मुकं, गोष्ट मराठी, आरडाओरडा इंग्रजी, असं झकास जमलं. आणि मी कोण? कॉलेजच्या नाटकात राणी झाले होते आणि एकच वाक्य होतं, ते मी पाच वाक्यांपर्यंत ताणलं होतं. पलीकडे राजा घामाघूम. दिग्दर्शकाने पुन्हा कधी घेतलं नाही, आणि मी पुढे चाळीस वर्षं सांगत सुटले की घरच्यांनी मला नाटक करू दिलं नाही. अशा बाईच्या हाती तुम्ही पडद्यावर मधेमधे येणाऱ्या सगळ्या इंग्रजी पाट्यांची गोष्ट सोपवलीत. पडद्यावर कुत्र्याचं इंग्रजी नाव स्पष्ट लिहिलेलं असताना मी त्याला मोत्या केलं. तुम्ही प्रोजेक्टरच्या मागून म्हणालात, "पाटीवर वेगळं आहे." मी म्हटलं, "ते त्याचं शाळेतलं नाव."

मोत्याची फिल्म तीन रिळांची. गिरणीवाल्याची लहान मुलगी होडीत बसते, होडी सुटते, नदी पुढे धबधब्याकडे जाते. मोत्या साखळी तोडतो, काच फोडून खिडकीतून उडी मारतो, पाण्यात पडतो, दोर तोंडात धरून होडी ओढत आणतो. मुलगी काठाला लागते. तेवढ्यात दोर तुटतो आणि मोत्या एकटा प्रवाहात वाहत जातो. इथे दुसरं रीळ संपतं.

या मोत्यावरून आपण किती भांडलो. तुम्ही भिंग घेऊन एकेक चित्र बघितलं होतंत. "हा एक कुत्रा नाही हो. तीन आहेत. खिडकीतून उडी मारतो त्याच्या पायावर पांढरा ठिपका आहे, पोहतो त्याच्या पायावर नाही. जवळून दाखवतात तो तर भलताच देखणा." मी दुखावले. ईरा मात्र खूश. दर वेळी ओरडायची, "दॅट्स स्टंट मोत्या."

आणि पुढे तुम्ही म्हणालात, "त्याचे डोळे बघा. मुलीकडे नाहीत. कॅमेऱ्याच्या उजवीकडे आहेत. तिथे त्याचा मालक उभा असणार, हातात मटणाचा तुकडा घेऊन. हा शूर नाही. हा बोलावलं म्हणून येतो."

"एवढ्या गार पाण्यातून मटणासाठी कोण येतं?"

"मटणासाठी नसेल. त्या माणसासाठी असेल. पण मुलीसाठी नाही."

"मग तो शूर नाही?"

"मी कुठे नाही म्हटलं?"

"आत्ताच म्हणालात."

"मग चुकले असेन," म्हणालात आणि रीळ गुंडाळायला लागलात. तुमच्याशी भांडण जिंकणं अवघड होतं. तुम्ही भांडण मधेच सोडून कामाला लागायचात.

आता तिसऱ्या रिळाकडे येते. इतका वेळ टाळलं.

त्या डब्याला वास यायला लागला होता. तुम्ही तो बाकीच्यांपासून वेगळा काढून गॅरेजमध्ये गार कोपऱ्यात ठेवलात आणि म्हणालात, "आत अजून जीव आहे. हळूहळू हाताने सोडवते. एकदाच चालेल, दुसऱ्यांदा नाही. ते एकदा मुलांना दाखवू." सगळी मुलं त्या एकदाची वाट बघत होती. ईराने तर शाळेत सांगून ठेवलं होतं.

जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, चार दिवस कडक ऊन पडलं. वेलिंग्टनमध्ये चार दिवस सलग ऊन म्हणजे मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मी लाकडी डेकवर धुवट साडी अंथरली आणि साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. पण इथला वारा. पहिल्याच झुळकीला साडीचं टोक उडून सात पापड्या शेजारच्यांच्या लॉनवर. चार कोपऱ्यांना चार वजनं हवीत म्हणून मी गॅरेजमध्ये गेले. रंगाचा डबा मिळाला, अभिजितचं डंबेल मिळालं, एक वीट मिळाली. चौथा तो. गोल, चपटा, जड, पत्र्याचा. पापड्यांना वजन म्हणून याहून चांगलं काही देवाने घडवलेलं नाही. आत काय आहे हे मला ठाऊक होतं. पण झाकण बंद आहे ना, म्हटलं, काय होतंय. शिवाय, आता तुमच्यापासून काय लपवायचं, वाटलं की उन्हाने तो वासही जाईल. डाळीला उन्हं देतो, गाद्यांना देतो, फिल्मला का नाही?

चार दिवस तो डबा तापला. पाचव्या दिवशी मी तो पुसून होता तिथे ठेवला. पुढच्या आठवड्यात तुम्ही हातमोजे घालून उघडलात, तर आत फिल्म भाजलेल्या पापडासारखी वळलेली, थर थराला चिकटलेला. मी शेजारी उभी होते, कोथिंबीर निवडत. तुम्ही म्हणालात, "याला ऊन लागलंय." मी म्हटलं, "इथलं ऊनच मेलं कडक." तुम्ही "हो" म्हणालात. मग झाकण उलटं केलंत. कडेला साबुदाण्याचा एक दाणा वाळून चिकटला होता. हातमोजा उतरवून तो नखाने काढलात, चष्म्याजवळ धरून पाहिलात आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलात.

संध्याकाळी पापड्या तळल्या होत्या. तुम्ही दोन घेतल्यात आणि म्हणालात, "छान फुलल्यात."

विहीणबाई, तुम्ही त्या वेळी ओरडला असतात तर मी सुटले असते. पाय धुण्याच्या वेळी सोडवलंत तसं इथेही सोडवायला गेलात, आणि मी अडकले.

मग मी काय केलं, तर शेवट रचला. दोर तुटतो, पडदा पांढरा होतो, आणि मी पुढे होऊन सांगायचे की मोत्या तीन मैल वाहत गेला, एका ओंडक्यावर चढला, आणि तिसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात येऊन अंग झटकून त्याने सगळ्यांना भिजवलं. मुलं हसायची. मी इतक्यांदा सांगितलं की मलाच तो ओंडका दिसायला लागला. तुम्ही वर्षभर मागे बसून ऐकलंत. मग मागच्या हिवाळ्यात ईराने एकदम मागे वळून तुम्हालाच विचारलं, "पुणे-आजी, यू सॉ द फिल्म. डिड ही रिअली कम बॅक?" तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही, बाळा. ते रीळ खराब झालं." बस. कोणी खराब केलं, ते नाही सांगितलंत.

घरी येऊन मी केवढी भांडले. म्हटलं, "चारचौघांत मला खोटं पाडलंत. पोरांना आशा द्यायला नको?"

"आशा द्या की. माहिती म्हणून देऊ नका."

"फरक काय पडतो?"

"पुढे पडतो," म्हणालात.

अकरा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. मीठ हवं असेल तर ईराला सांगायचे, "त्यांना म्हणावं मीठ द्या." ती म्हणायची, "आजी, शी इज राइट देअर." सासष्ट वर्षांची बाई. कॉलेजातल्या त्या राणीला आज मी हसते, पण ती बिचारी निदान लहान होती.

बाराव्या दिवशी तुम्हीच माझ्यासमोर चहा ठेवलात, विषय संपला. संपला असं मला वाटलं.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही आजारी पडलात. हॉस्पिटलमध्ये तीन दिवस तुमची वाचा गेलेली. मी उशाशी बसून अखंड बडबडत होते. डेकच्या फळ्या बदलायला झाल्यात, बॅरीने फोन केला होता, शेजारणीने केक पाठवलाय. सगळं सांगितलं, डब्याचं नाही सांगितलं. नर्स आत-बाहेर करत होती म्हणून नाही सांगितलं, तुम्हाला त्रास नको म्हणून नाही सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. आणि तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात. तुमचे डोळे माझ्या उजव्या खांद्यापलीकडे लागले होते. मला राग आला, इतकी बोलतेय आणि ही बाई भिंतीकडे बघतेय. मागे वळून पाहिलं तर दारात ईरा उभी होती, शाळेच्या दप्तरासकट.

तेव्हा कुठे मला तुमचा कुत्र्याबद्दलचा मुद्दा कळला. पटला असं नाही म्हणत. कळला.

गेल्या शनिवारी हॉलची तारीख आधीच घेतलेली होती. अभिजित म्हणाला, "रद्द करू या का, आई?" मी म्हटलं, "नको." बॅरी प्रोजेक्टर चालवायला आला. सत्तर वर्षं ओलांडलेला माणूस, तुमची खुर्ची रिकामी ठेवून उभ्याने रीळ चढवलं त्याने. मी विचारलं, बसणार नाही का. "नाह, ऑल गुड," म्हणाला. हातमोजे मात्र तुमचे घातले होते. त्याला लहान होत होते.

फिल्म सुरू झाली. साखळी तुटली, काच फुटली, मुलं ओरडली. स्टंट मोत्या आला तेव्हा ईरा ओरडली नाही. दोर तुटला. रिळाचं टोक फटफट करायला लागलं, पडदा पांढरा झाला, आणि सगळी मुलं माझ्याकडे वळली. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी तर आधीच अंग झटकायला लागली होती.

मी म्हटलं, "यापुढचं रीळ खराब झालं. ते मी खराब केलं. पापड्या उडू नयेत म्हणून मी तो डबा चार दिवस उन्हात वजन म्हणून ठेवला. पुणे-आजी ते तुम्हाला एकदा दाखवणार होत्या. माझ्यामुळे राहिलं. मोत्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी सांगत होते ते मी रचलेलं होतं."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "पापड्स?" आणि दोन आया तोंडावर पदर, म्हणजे जॅकेट धरून हसायला लागल्या. मलाही हसू आलं असतं, पण माझं लक्ष ईराकडे होतं. ती उठून माझ्याजवळ आली.

"डिड पुणे-आजी नो इट वॉज यू?"

"हो."

"डिड शी टेल यू ऑफ?"

"नाही. पापड्या छान फुलल्यात म्हणाल्या."

मग तिने विचारलं, "डिड यू से सॉरी टू हर?"

"नाही," मी म्हटलं. "राहून गेलं."

चहा-बिस्किटं झाली, खुर्च्या रचल्या, बॅरीने डबे व्हॅनमध्ये नेले. आम्ही दोघी चढण चालत घरी निघालो, मुक्ता आणि अभिजित पुढे गेले होते. वारा इतका होता की माझा पदर मी दोन्ही हातांनी धरला होता. अर्ध्या वाटेत ती थांबली. तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी माझ्या तोंडाकडे नीट बघत. पुणे-आजी आता कुठे आहे.

विहीणबाई, माझ्या जिभेवर ती छान जागा आली होती. गुडघेसुद्धा आले होते. मी ते गिळलं आणि म्हटलं, "मला माहीत नाही, बाळा."

ती मराठीत उत्तर देत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाली, "मला पण नाही." आणि माझ्या पदराचं एक टोक तिने तिच्या हातात धरलं, म्हणजे माझा एक हात मोकळा झाला. मग घरापर्यंत आम्ही तशाच आलो. आल्यावर मी भात लावला आहे म्हणून सांगितलं, तर ती झाकण उचलायला गेली नाही.

मोत्या शूर होता की नव्हता, हे आपलं राहिलंच आहे. ते मी सोडलेलं नाही. पण डबा मी ठेवला होता, विहीणबाई. मी ठेवला होता, आणि मला माफ करा.